ऑक्सिमीटर, एबीजी, डीएलसीओ की सहा मिनिटं चालणं? फुप्फुसांची कोणती तपासणी कशासाठी करायची

ऑक्सिमीटरवर ९६, स्पायरोमेट्रीचा (यंत्रात फुंकायच्या तपासणीचा) रिपोर्ट जवळपास नॉर्मल, छातीचा एक्स-रे 'तसा ठीक', आणि माणूस मात्र एक जिना चढला की कठडा धरून उभा. पीएफटीच्या, म्हणजे फुप्फुसांच्या कार्यक्षमतेच्या तपासण्यांच्या, खोलीत काम करताना अशा फायली मी नेहमी बघते. कोणी गोव्यातल्या डिचोली-सांगेच्या खाणपट्ट्यात अर्धं आयुष्य धुळीत काढलेला, कोणी दर उन्हाळ्यात काजूच्या भट्टीपाशी बसणारा, कोणी जन्मभर लाकडाच्या चुलीवर रांधलेली आजी, कुणाला जुना टीबी. सोबत आलेली सून किंवा मुलगा हळूच विचारतो, "डॉक्टरांनी अजून दोन तपासण्या लिहिल्यात. दोन्ही करायलाच हव्यात, की एकीवर भागेल?"

विचारणं रास्त आहे. पेडण्याहून किंवा वाळपईहून यायचं म्हणजे एक दिवस मोडतो, रोजंदारी बुडते, आणि यातल्या एका तपासणीत थेट धमनीत सुई जाते. निर्णय डॉक्टरांचाच, पण कोणती तपासणी काय दाखवते आणि काय लपवते हे ठाऊक असलं, तर डॉक्टरांशी बोलणं सोपं होतं. या चार तपासण्यांत 'सगळ्यात चांगली' अशी कुठलीच नाही. तुम्हाला ठरवायचं काय आहे त्यावर निवड बदलते. घरी ऑक्सिजन लावायचा का हे ठरवायला एक लागते, आणि आजार वाढतोय का हे बघायला दुसरी.

बिघाड नेमका कुठे होतो

हवेतला ऑक्सिजन रक्तात शिरतो तो वायुकोशांच्या भिंतीतून. ही भिंत बहुतेक ठिकाणी अर्ध्या मायक्रॉनइतकीच जाड, आणि सगळे वायुकोश उलगडून पसरले तर निरोगी माणसात साधारण ७० चौरस मीटर क्षेत्र भरतं. आपण स्वस्थ बसलेलो असताना तांबडी पेशी या भिंतीलगतच्या केशवाहिनीतून सुमारे पाऊण सेकंदात पुढे जाते. तिच्यात ऑक्सिजन भरायला मात्र पाव सेकंद पुरतो. कदंब बस थांब्यावर पाऊण मिनिट उभी राहावी आणि प्रवासी पंधरा सेकंदांत चढून मोकळे व्हावेत, तसं. प्रवासी हळू चढू लागले तरी बस उभी आहे तोवर काही बिघडत नाही. माणूस चालू लागला, हृदय धडधडू लागलं, बस वीस सेकंदांतच सुटू लागली, की मग निम्मे लोक थांब्यावर राहतात.

बसल्याजागी घेतलेला आकडा चांगला आणि जिन्यावर दम, याचं कोडं बऱ्याचदा इथे सुटतं. आयएलडीमध्ये, म्हणजे फुप्फुसांच्या जाळीत व्रण पडून ती कडक होते त्या आजारांत, भिंत जाड होते. एम्फिसिमामध्ये भिंतीच फाटून क्षेत्र कमी होतं. पण आजारी फुप्फुसात ऑक्सिजन कमी पडण्याचं सगळ्यात मोठं कारण वेगळंच असतं: हवा एका भागात जाते आणि रक्त दुसऱ्या भागात. सीओपीडीत, म्हणजे धूर-धुळीने श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात त्या आजारात, हेच होतं. न्यूमोनियात तर काही वायुकोश पाण्या-पुवाने भरलेले असल्यामुळे रक्त हवेला न भेटताच पुढे निघून जातं. अशा वेळी बाहेरून कितीही ऑक्सिजन दिला तरी आकडा हट्टाने वर येत नाही. आणि एक प्रकार असा की फुप्फुस धड आहे, पण माणूस पुरेसा श्वासच घेत नाही: झोपेच्या गोळ्या जास्त झाल्या, स्नायूंचा आजार आहे, किंवा वजन फार वाढलं आहे.

ऑक्सिमीटर: रोजच्या पहाऱ्याला उत्तम, निदानाला कच्चा

कोविडनंतर गोव्यात घरोघरी फ्रिजवर नाहीतर देव्हाऱ्याशेजारी ऑक्सिमीटर असतोच. हजार-दोन हजारांत येतो, सुई नाही, रांग नाही. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला यामागची युक्ती शोधली. ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून सोडायचे आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याला ते किती शोषले जातात त्यावरून ऑक्सिजनने भरलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण काढायचं.

याची मेख हिमोग्लोबिनच्या स्वभावात आहे. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब, रिपोर्टवरचा पीओटू, १०० असताना ऑक्सिमीटर ९७-९८ दाखवतो. पीओटू ८० झाला तरी ९५. पार ६०ला आला तेव्हा कुठे ९०. म्हणजे दाबात ४० अंकांची पडझड झाली आणि बोटावरच्या यंत्रात फक्त सात-आठ अंक हलले. साठाच्या खाली मात्र कडाच लागतो: पीओटू ४० म्हणजे ७५ टक्के. त्यामुळे '९४ आहे, काळजी नाही' हे वाक्य ऐकलं की मी लगेच विचारते, "मागच्या वर्षी किती होतं?" ज्याचं कायम ९८ होतं त्याच्या ९४चा अर्थ वेगळा.

यंत्राची चूकही दोन-तीन अंकांची धरूनच चालायचं. एसी वॉर्डात गार पडलेली बोटं, थरथरणारा हात, नखांना गडद रंग, यांनी आकडा बिघडतो. काळ्या त्वचेवर यंत्र खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवू शकतं हे अमेरिकेतल्या २०२०च्या एका अभ्यासानंतर ठळकपणे पुढे आलं. आपल्या लोकांनी ते लक्षात ठेवलेलं बरं. बंद खोलीत शेगडीचा किंवा जनरेटरचा धूर कोंडून कोणी गुदमरलं, तर त्या वेळी ऑक्सिमीटरवर अजिबात विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं हिमोग्लोबिन साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजनने भरलेल्यासारखंच दिसतं आणि तो निर्धास्तपणे ९८ दाखवतो.

सगळ्यात मोठी उणीव: कार्बन डायऑक्साइड तो बघतच नाही.

एबीजी: नकोशी, पण काही निर्णय तिच्याशिवाय होत नाहीत

एबीजी म्हणजे धमनीतलं रक्त, बहुतेक वेळा मनगटातलं. शिरेतून रक्त काढण्यापेक्षा हे दुखतं, लपवण्यात अर्थ नाही. वर थोडी सुन्न करणारी सुई मागता येते, मागावी. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं, आणि नंतर पाच-दहा मिनिटं जागा घट्ट दाबून धरायची.

बदल्यात जे मिळतं ते दुसरी कुठलीच तपासणी देत नाही. पीओटू (साधारण ८० ते १००), पीसीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा दाब (३५ ते ४५), आणि पीएच (७.३५ ते ७.४५) हे तीन आकडे एकत्र वाचले की बिघाड फुप्फुसात आहे की श्वास घेण्यात, हे गणिताने कळतं. गणित असं. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिमी, त्यातून पाण्याच्या वाफेचे ४७ वजा, उरलेल्याचा २१ टक्के, म्हणजे साधारण १५०. त्यातून पीसीओटूला ०.८ने भागून आलेला आकडा वजा केला की वायुकोशात असायला हवा तो ऑक्सिजन मिळतो. तो आणि रक्तातला पीओटू यांतली तफावत म्हणजे फुप्फुसाचा खरा दोष.

दोन पेशंट घेऊ, दोघंही साठीचे, दोघांचाही पीओटू ५०. ऑक्सिमीटर दोघांनाही ८२ ते ८५च्या आत-बाहेर दाखवेल, काही फरक कळणार नाही. पहिल्याचा पीसीओटू ३५. १५० वजा ४४ म्हणजे १०६, रक्तात आहेत ५०, तफावत ५६. दुसऱ्याचा पीसीओटू ७०. १५० वजा ८७.५ म्हणजे ६२.५, तफावत फक्त १२.५. या वयाला ढोबळ मर्यादा वय भागिले ४ अधिक ४, म्हणजे १९. तेव्हा पहिल्याचं फुप्फुस गंभीर आजारी आहे. दुसऱ्याचं फुप्फुस बरंचसं धड आहे, पण तो पुरेसा श्वास घेत नाही. त्याला गरज बायपॅपची, म्हणजे मास्कमधून दाबाने श्वास द्यायच्या यंत्राची, असू शकते, आणि नुसता ऑक्सिजन वाढवत नेला तर तो गुंगीत जाण्याची भीती. बोटावरच्या यंत्राला दोघं सारखेच.

गोव्यातल्या लोकांसाठी इथे एक बारकी गोष्ट. हे १५० आपल्या किनाऱ्यावरचे. चोर्ला घाट चढून बेळगावला उपचाराला जाणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. तिथे हवेचा दाब ६९५च्या आसपास, म्हणजे तेच गणित १३६ने सुरू होतं. बांबोळीत काढलेला पीओटू ७४ आणि पंधरा दिवसांनी बेळगावात काढलेला ६३ शेजारी ठेवून 'अकरा अंकांनी घसरले' म्हणून घर हवालदिल होतं. त्यातली बरीचशी घसरण घाटाची असते. रिपोर्टवर तपासणीची जागा आणि त्या वेळी ऑक्सिजन चालू होता का, किती लिटर, हे लिहून घेतल्याशिवाय दोन एबीजींची तुलना करू नये.

नमुना कसा हाताळला गेला हेही विचारा. प्लास्टिकच्या सिरिंजमधलं रक्त अर्ध्या तासाच्या आत यंत्रात जायला हवं. छोट्या नर्सिंग होममध्ये यंत्र नसतं. मग सिरिंज नातेवाइकाच्या हातात देतात आणि 'पलीकडच्या लॅबमध्ये नेऊन द्या' सांगतात. मांडवीच्या पुलावर गाडी अडकली की रक्तातल्या पेशी तोवर ऑक्सिजन खात बसतात. उलट सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर ५०चा पीओटू वर सरकतो, कारण बुडबुड्यातल्या हवेचा दाब दीडशेच्या घरात. दोन्ही आकडे छापून येतात तेव्हा तितकेच अधिकृत दिसतात. ज्या इस्पितळात आयसीयू आहे आणि यंत्र तिथेच आहे, तिथे ही तपासणी करून घ्यावी हे बरं.

फक्त कार्बन डायऑक्साइड साठतोय का एवढीच शंका असेल, तर साध्या शिरेतल्या रक्तावरही पहिली चाळणी लावता येते. शिरेतला पीसीओटू ४५च्या खाली आला तर धमनीत तो वाढलेला असण्याची शक्यता फारच कमी. ऑक्सिजनबद्दल मात्र शिरेतलं रक्त काही सांगत नाही. ज्यांना सुईची धास्ती आहे त्यांनी डॉक्टरांना हा पर्याय जरूर विचारावा.

डीएलसीओ: भिंतीचीच परीक्षा

माझ्या मते या चारांत सगळ्यात दुर्लक्षित तपासणी हीच. लोक 'पीएफटी झाली' म्हणतात तेव्हा बहुतेकदा फक्त स्पायरोमेट्री झालेली असते, आणि स्पायरोमेट्री सांगते ती हवा किती आणि किती वेगाने बाहेर पडते ते. ती हवा रक्तात पोचते का, याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही.

डीएलसीओची कल्पना शंभर वर्षांहून जुनी. डेन्मार्कमध्ये मारी क्रोग यांनी १९१५ साली ती मांडली. ऑक्सिजनऐवजी कार्बन मोनॉक्साइड वापरायचा, कारण हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट पकडतं. रक्तात शिरलेला वायू परत फिरत नाही, त्यामुळे किती गायब झाला एवढं मोजलं की भिंतीतून किती पार झाला ते कळतं. मिश्रणात त्याचं प्रमाण फक्त ०.३ टक्के असतं. विषाची भीती नको. दिवसभर विडी ओढणाऱ्याच्या रक्तात याहून कितीतरी जास्त असतो.

प्रत्यक्षात असं होतं. नाकाला चिमटा, तोंडात माउथपीस, कवळी घट्ट बसत असेल तर राहू द्यायची, सैल असेल तर काढायची. "आबा, सगळी हवा बाहेर... अजून... अजून... आता एका दमात आत!" आणि मग दहा सेकंद धरून ठेवायचं. हे दहा सेकंद फार लांब असतात. आठव्या सेकंदाला खोकला आला की तो प्रयत्न फुकट. मग किमान चार मिनिटं थांबून पुन्हा, कारण आधीचा वायू फुप्फुसातून निघून जायला हवा. एकमेकांशी जुळणारे दोन चांगले प्रयत्न मिळाले की तपासणी पूर्ण. घाई असलेल्या लॅबमध्ये एकाच प्रयत्नावर रिपोर्ट देतात. किती प्रयत्न झाले ते रिपोर्टवर छापलेलं असतं, बघून घ्या.

आता याचा उपयोग. दम्यात डीएलसीओ नॉर्मल किंवा जरा जास्तच येतो, एम्फिसिमात पडतो; स्पायरोमेट्रीत दोघंही 'ऑब्स्ट्रक्शन' म्हणून एकाच रांगेत बसलेले असतात. आयएलडीतही तो पडतो. पण पोट सुटल्यामुळे किंवा छातीचे स्नायू थकल्यामुळे फुप्फुस लहान भरत असेल, तर मुख्य आकडा थोडा कमी आला तरी भिंत धड असल्याचं त्याच रिपोर्टातल्या केसीओवरून, म्हणजे फुप्फुसात भरलेल्या हवेच्या मानाने काढलेल्या आकड्यावरून, कळतं. आणि वर सुरुवातीला सांगितलेली फाईल: स्पायरोमेट्री जवळपास नॉर्मल, ऑक्सिमीटर ९६, जिन्यावर दम. अशा वेळी डीएलसीओ ४०-४५ टक्के आला तर तीन शंका पुढे येतात. आयएलडीची सुरुवात, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढणं, किंवा जुन्या विडीवाल्यांत एम्फिसिमा आणि व्रण दोन्ही एकदम असणं. या शेवटच्या प्रकारात एक आजार हवा अडवतो, दुसरा फुप्फुस ताणून उघडं ठेवतो, आणि स्पायरोमेट्रीचे आकडे एकमेकांना झाकून साळसूद दिसतात. डीएलसीओला ही लपवाछपवी जमत नाही, तो धाडकन खाली येतो. पुढचं पाऊल मग बारीक कापांचा सीटी आणि हृदयाचा इको.

पण हाच आकडा फसवतोही, आणि आपल्याकडे फसवणाऱ्या गोष्टींत पहिला नंबर रक्तक्षयाचा. हिमोग्लोबिन कमी तर वायू पकडणारं कमी, म्हणून भिंत धड असूनही आकडा पडतो. एखाद्या बाईचं हिमोग्लोबिन ८ असेल आणि डीएलसीओ ५५ टक्के आला, तर दुरुस्तीनंतर तो ७० होतो. कुठे ५५ आणि कुठे ७०! पंचावन्न म्हणजे मध्यम दर्जाचा बिघाड, सत्तर म्हणजे सौम्य. तरीही हिमोग्लोबिन न विचारता छापलेले रिपोर्ट सर्रास दिसतात. त्याच दिवशी विडी-सिगरेट ओढून आल्यास आकडा कमी येतो. घरी ऑक्सिजन चालू असलेल्यांचा, झेपत असेल तर, दहा मिनिटं आधी बंद करावा लागतो. हे लॅबमध्ये, नजरेखाली, स्वतःहून नव्हे. आणि बेळगावची उंची इथेही डोकावते, फक्त उलट दिशेने: हवेत ऑक्सिजन कमी असला की डीएलसीओ किंचित वर जातो.

'टक्के' हा शब्दही जरा सावधपणे घ्या. ते टक्के कुठल्यातरी निरोगी माणसांच्या सरासरीशी काढलेले असतात. जगभर वापरलं जाणारं २०१७चं कोष्टक युरोपीय वंशाच्या लोकांवरून बनलं आहे. आपल्या बांध्याच्या माणसाला त्यात उगाच थोडं कमी मार्क पडू शकतात. म्हणून एका रिपोर्टपेक्षा दोन रिपोर्टांतला फरक मोलाचा, आणि तो फरक खरा असायचा तर लॅब तीच, यंत्र तेच हवं. म्हापशात एकदा आणि मडगावात एकदा करून तुलना करण्यात पैसे वाया जातात.

कोणाला ही तपासणी जमत नाही? ज्यांना सव्वा-दीड लिटरही हवा आत घेता येत नाही, ज्यांचा खोकला थांबत नाही, ज्यांना सूचना समजत नाहीत. खूप पुढे गेलेल्या आजारात हट्टाने डीएलसीओ करायला लावणं म्हणजे माणसाला दमवणं. तिथे एबीजी आणि थोडं चालणं पुरतं.

सहा मिनिटांचं चालणं: साधं दिसतं, पण थट्टा नको

३० मीटरचा सरळ, मोकळा कॉरिडॉर, दोन टोकांना दोन शंकू, बोटाला ऑक्सिमीटर, हातात घड्याळ. सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं. दमल्यास थांबायची मुभा, पण घड्याळ थांबत नाही. किती मीटर झाले, ऑक्सिजन सगळ्यात खाली कितीपर्यंत गेला, दम किती लागला, एवढं लिहायचं. चार अंकांची घसरण दखल घेण्याजोगी, ८८च्या खाली गेला तर गंभीर.

बसच्या त्या उदाहरणाची परीक्षा इथे होते. स्वस्थ बसून जे लपतं ते चौथ्या मिनिटाला उघडं पडतं. डीएलसीओचं यंत्र जवळ नसेल, तर आयएलडीच्या संशयात हीच तपासणी सगळ्यात जास्त सांगून जाते. तीसेक मीटरचा फरक पडला तर तो पेशंटलाही जाणवतो असं मानतात. दहा-पंधरा मीटरने खूश किंवा दुःखी होऊ नये.

तोटा असा की ती फुप्फुसासोबत इतर सगळ्याचीही बेरीज मोजते. गुडघे, हृदय, रक्तक्षय, त्या दिवसाचा मूड. आपल्याकडच्या साठीपुढच्या बायकांत गुडघ्यांपायीच निम्मी तपासणी बाद होते. अशांना खुर्चीतून एक मिनिट उठ-बस करायची तपासणी देता येते. चप्पल घसरती नको, नेहमीची काठी वापरली तरी चालते. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर ही तपासणी नाही. आणि घरी करायची असेल तर सपाट अंगणात, सोबत कुणीतरी असताना, ९२च्या खाली मुळात असेल तर करूच नये. जिन्यावर तर नाहीच.

यापलीकडेही पायऱ्या आहेत. सायकलवर बसवून श्वासातले वायू मोजणारी सीपेट ही दम फुप्फुसाचा की हृदयाचा हे सोडवते, पण ती मोजक्या ठिकाणी होते. हवा आणि रक्त यांचा मेळ किती बिघडलाय याचा संपूर्ण नकाशा काढायची पद्धत १९७४मध्ये वॅग्नर, सॉल्ट्झमन आणि वेस्ट यांनी दिली. सहा निष्क्रिय वायू शिरेतून सोडून ते श्वासात किती येतात हे मोजायचं. संशोधनासाठी अप्रतिम, तुमच्या-आमच्या निर्णयात तिचं काम नाही. झेनॉन वायू हुंगवून एमआरआय काढण्याला अमेरिकेत डिसेंबर २०२२मध्ये मान्यता मिळाली. वाचायला छान.

मग ठरवायचं कसं

घरी ऑक्सिजनचं यंत्र घ्यायचं का, हा प्रश्न असेल तर एबीजीला पर्याय शोधू नका. दिवसाला किमान १५ तास ऑक्सिजन दिल्याने सीओपीडीच्या पेशंटचं आयुष्य वाढतं हे १९८०-८१मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या दोन अभ्यासांनी दाखवलं, पण कुणाचं? ज्यांचा बसल्याजागचा पीओटू ५५ किंवा खाली होता, किंवा ५९पर्यंत असून हृदयावर ताण आलेला होता. ८९ ते ९३ असणाऱ्या किंवा फक्त चालताना घसरणाऱ्या सीओपीडीच्या ७३८ पेशंटांवर २०१६मध्ये आलेल्या अमेरिकन अभ्यासात ऑक्सिजनने ना आयुष्य वाढलं, ना इस्पितळाच्या फेऱ्या कमी झाल्या. म्हणजे ऑक्सिमीटरवर ९१ बघून घाबरून पन्नास हजारांचं यंत्र आणणं बऱ्याचदा नको ते ओझं. इस्पितळातून सुटताना ऑक्सिजन लिहून दिला असेल तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजून घ्या. न्यूमोनिया ओसरल्यावर अनेकांना त्याची गरज उरत नाही. घेतलंच, तर एक भरलेला सिलिंडरही ठेवा. पहिल्या पावसात वीज गेली की यंत्र बंद पडतं हे गोव्यात कुणाला सांगायला नको. आणि ज्यांचा पीसीओटू वाढलेला आहे त्यांनी ९८ गाठायच्या नादात नळ सोडायचा नाही. त्यांचं लक्ष्य ८८ ते ९२.

सकाळी डोकं दुखतं, दिवसा झापड येते, वजन जास्त आहे किंवा सीओपीडी जुना आहे: इथेही एबीजी, निदान शिरेतला पीसीओटू तरी. डीएलसीओवर खर्च नंतर.

सीटीत आयएलडी दिसला आहे आणि महागड्या गोळ्या सुरू करायच्या की थांबायचं, चालू आहेत तर उपयोग होतोय का, हा प्रश्न असेल तर डीएलसीओ आणि स्पायरोमेट्रीतला एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोराने बाहेर सोडलेली एकूण हवा), दर चार-सहा महिन्यांनी, सोबत चालण्याची तपासणी. वर्षभरात एफव्हीसी ५ अंकांनी किंवा डीएलसीओ १० अंकांनी पडला तर ती आजार वाढत असल्याची एक खूण मानतात; सोबत त्रास किंवा सीटीतले व्रण वाढले असतील तर डॉक्टर उपचार बदलण्याचा विचार करतात. एबीजी इथे दर वेळी नको. बसल्याजागचा ऑक्सिजन आयएलडीत सगळ्यात शेवटी ढासळतो, त्याची वाट बघत बसलात तर वेळ निघून गेलेली असते. रुमॅटॉइड संधिवात किंवा स्क्लेरोडर्मा (त्वचा आणि आतले अवयव कडक होण्याचा आजार) असलेल्यांनी दम लागत नसतानाही वर्षाकाठी एक डीएलसीओ करावा का, हे डॉक्टरांना विचारावं. स्क्लेरोडर्मात बोटं गार आणि निळी पडतात, तेव्हा चालताना ऑक्सिमीटर कपाळाला किंवा कानाला लावायला सांगा.

फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरत असेल तर डीएलसीओ टाळता येत नाही. मुंबईला जाण्याआधी तो इथेच करून फाईलला लावला तर तिथली एक फेरी वाचते. शस्त्रक्रियेनंतर उरेल तो अंदाजे डीएलसीओ आणि एफईव्ही-वन (पहिल्या सेकंदात जोराने सोडलेली हवा), दोन्ही ६० टक्क्यांच्या वर असतील तर पुढे फारशी अडचण नाही. कमी असेल तर जिन्याची किंवा चालण्याची परीक्षा, त्याहून कमी असेल तर सीपेट.

आणि जुना टीबी, जुना सीओपीडी, निदान झालेलं, औषधं चालू, त्रास स्थिर? मग ऑक्सिमीटर, वर्षाला एक स्पायरोमेट्री, अधूनमधून चालणं. उगाच धमनीत सुई कशाला.

वेळ घेताना लॅबला 'पीएफटी होते का' असं विचारू नका, सगळीकडे 'हो' येईल. 'डीएलसीओचं यंत्र आहे का, सध्या गॅस भरलेला आहे का, आणि हिमोग्लोबिनची दुरुस्ती रिपोर्टवर देता का' असं विचारा. गॅसचा सिलिंडर संपलेला असणं हे तारीख पुढे जाण्याचं नेहमीचं कारण. सकाळी पोटभर जेवून येऊ नका, विडी नको, कमरेला सैल कपडे. पिशवीत महिन्याच्या आतला हिमोग्लोबिनचा रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, आणि आधीची पीएफटी, तीही आकड्यांच्या पानांसकट. नुसतं शेवटच्या पानावरचं 'इम्प्रेशन' आणलं तर तुलना करायला आमच्या हातात काहीच नसतं.